बडीशेप मागावी की बाळंतशेप?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुनेच्या बाळंतपणासाठी वाण्याकडे बाळंतशेप मागितली, तर त्याने निःशंकपणे बडीशेपेची पुडी बांधून दिली. बडीशेपेचा गोडवा तिच्या तेलातील अ‍ॅनेथोल या सुगंधी घटकाचा. बाळंतशेप म्हणजे मात्र शेपूचे बी, चपटे, तपकिरी, कडेला फिकट पापुद्रा असलेले आणि कार्व्होन या तेलातील घटकामुळे चवीला उग्र. दोन्ही परंपरेने पोटातील वायूवर दिल्या जातात, म्हणूनच हा घोळ होत असावा. हिरवीगार बडीशेप तर मी घेतच नाही; एकदा वाटीभर पाण्यात टाकली, तेव्हा पाणीच हिरवे झाले होते. फिकट दाणे मंद आचेवर भाजून जेवणानंतर चघळलेले बरे. किराणा दुकानदारांनी या दोन्हींच्या बरण्यांवर नावे स्पष्ट लिहावीत, ही विनंती.

– एक वाचक, सातारा