अंगठ्यावरचं काळं

सर, सा. न. वि. वि.

आजोबा काल घरी आले. तुम्ही साफ करून दिलेलं त्यांचं चित्र भिंतीवर टांगलं तेव्हा आई डोळ्याला पदर लावून उभी राहिली आणि मला तुमच्याशी फोनवर धड बोलताच आलं नाही. म्हणून इथं चारचौघांत लिहितोय.

आम्ही भोई. आजोबांची हयात हिप्परग्याच्या तलावावर गेली. कागदोपत्री त्याला एकरूख म्हणतात, 1871 साली बांधून झालेला. सोलापूरच्याच एका चित्रकारानं त्यांना तैलरंगात रंगवलं. खांद्यावर जाळं, मुठीत जाळ्याची शिशाच्या गोळ्यांची कड. बसायचे पैसे कसले? उलट आजोबांनीच त्याला मरळ दिली, असं वडील सांगायचे.

चित्र फोडणीच्या धुरानं काळवंडलं आणि आमची वणवण सुरू झाली. पहिल्या फ्रेमवाल्यानं साबणाच्या पाण्यानं पुसलं. जाळ्याचा एक कोपरा फडक्यावरच आला. दुसरा म्हणाला, "फोटो काढून द्या की, फ्लेक्स करून देतो. जरा उजळ पण करतो." उजळ! मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात दिवसभर पाण्यावर बसलेला माणूस उजळ! तिसऱ्याच्या दारावर कलेची भलीमोठी पाटी. त्यानं तीन महिने ठेवून घेतलं आणि चक्क वळकटी करून परत दिलं. उलगडलं तर आजोबांच्या गालावर भेगा.

तुमच्याकडं आलो तेव्हा खरं सांगतो, आशा सोडलेलीच होती. तुम्ही काडीला कापूस गुंडाळला, जिभेला लावून ओला केला आणि चित्रावर हळूच फिरवला. मी दचकलो, आजोबांना थुंकी? तुम्ही हसलात. म्हणालात, साबणापेक्षा ही बरी, मळ सुटतो आणि रंग जागेवर राहतो. दिवसभरात जेमतेम तळहाताएवढी जागा व्हायची. पुढचं वॉर्निश, भेगा भरणं वगैरे मला कळलं नाही.

पण तो फोन मी विसरणार नाही. रात्रीचे साडेनऊ. "उजव्या अंगठ्यावर काळं दिसतंय. मळ आहे, की त्यांना तिथं वण होता? कळल्याशिवाय हात लावत नाही."

मला माहीत नव्हतं. आईलाही नाही. मंगळवेढ्याच्या आत्याला उठवलं. ती झोपेतच म्हणाली, "अरे, जाळ्याच्या दोरीनं कापलं होतं त्यांना. जखम भरली, पण काळं तसंच राहिलं. त्याच अंगठ्यानं मला भाकरीवर मीठ लावून द्यायचे." आणि मग रडायलाच लागली. तासभर बोललो आम्ही आजोबांबद्दल. इतकं कधीच बोललो नव्हतो.

सर, हातात कला असलेली माणसं आपल्या गावात कमी नाहीत. पण मेलेल्या भोयाच्या अंगठ्यासाठी रात्री फोन करून विचारणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. बाकीच्यांनी तर हे कोण, एवढंही विचारलं नव्हतं.

तो डाग आता लख्ख दिसतो. काल शेजारचं पोरगं तो नखानं खरवडायला निघालं, तर आईनं त्याच्या हातावर फटका दिला.

पैशाचं तुम्ही "बघू की" म्हणून टाळत आलात. चालायचं नाही. रविवारी हिप्परग्याची मरळ घेऊन येतोय. साफ करून आणतो, तुम्ही फक्त मसाला वाटून ठेवा.