मनूस पत्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत सांगितलंस, पण माझी झोप उडाली. उपकेंद्राच्या दारात येऊन ती बाई विचारते, 'माझ्या सुनेला गोळ्या देणारी तू कोण?' आणि मागे चार बाप्ये उभे! यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. एवढंच सांगते, अंधार पडल्यावर घरभेटीला एकटी जाऊ नकोस. आशाताईंना बरोबर घे.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. सज्ञान मुलीला पाळणा लांबवायचा तर तिची मर्जी पुरे. १९७१ च्या कायद्यात गर्भपातालासुद्धा नवऱ्याची सही लागत नाही, हे तूच परीक्षेच्या वेळी मला घोकून दाखवायचीस. पण कायदा तुझ्या टेबलावर, आणि ती सासू पारावर. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्यापायी प्राध्यापकी गेली. ते तर पुरुष, त्यात महर्षींचे चिरंजीव. तू एकटी पोर. सासूला आधी खुर्ची द्यावी, गोड बोलावं, नवऱ्यालाही बोलावून घ्यावं... बघ, लागले शिकवायला. रागावू नकोस.

मला सारख्या मोठ्या काकू आठवतात. माला-एनचं पाकीट त्या शिवणाच्या डब्यात, गुंड्यांखाली ठेवायच्या. २१ गोळ्या पाळणा लांबवायच्या, ७ लोहाच्या. कुणी पाहिलंच तर 'रक्तवाढीच्या आहेत' म्हणायच्या, आणि सातांपुरतं ते खरंही होतं! एकदा पाकीट तुझ्या आजीच्या हाती लागलं. वर्षभरात पाचवं बाळंतपण, अंगात रक्त नसताना. पुढचं तुला ठाऊक आहे. नर्सबाई तेव्हाही होत्या गं, पण त्या आधी सासूला विचारायच्या. तू सुनेला विचारतेस.

बाबा गावभर सांगतात, 'आमची मनू सीएचओ आहे, उपकेंद्राची आरोग्य अधिकारी.' काम काय करते विचारलं की मात्र 'बीपी तपासते'.

स्कूटीत पेट्रोल भरून ठेवत जा. कुणी रात्री बोलवायला आलंच, तर आधी आशाताईंना फोन.

आणि हो, शेजारच्या सुनेने पाळणा लांबवायचं 'अंतरा' इंजेक्शन घेतलंय. पाळी आली नाही म्हणून ती घाबरलीय, सासू दिवस गेले समजून खूश. त्या इंजेक्शनाने पाळी थांबू शकते, हे तुझ्याकडून ऐकलेलं मी तिला सांगितलं. तरी तपासून घ्यावं का, आणि तीन महिन्यांनी पुढचं चुकलं तर काय, हे तूच बोल. रविवारी माझ्या फोनवरून लावून देते. सासू देवळात गेल्यावर.

तुझी,
आई