ऑफर लेटर वाचून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

इंदूरच्या मराठी घरांत कुणाला सुपर कॉरिडॉरवर (इथल्या आयटी कंपन्यांच्या पट्ट्यात) नोकरी लागली, की पेढ्यांआधी ऑफर लेटर तुमच्याकडे येतं. एचआरमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या माणसानं ते फुकटात, ओळ न् ओळ वाचून द्यावं, याचे आभार जाहीरच मानायला हवेत.

८ लाखांचं सीटीसी (कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हटलं की जो तो १२नं भागून ६६,६६७वर खूश होतो. तुम्ही त्याच कागदाच्या पाठीमागे वजाबाकी मांडता. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, ८०,००० बाजूला; ते रेटिंग बघून मिळणार. बेसिक, म्हणजे मूळ पगार, ४ लाख असेल तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ ४८,००० आणि ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी १९,२४०, दोन्ही त्याच ८ लाखांत धरलेले. उरले ६,५२,७६०, म्हणजे महिना ५४,३९७. त्यातून आपला पीएफ ४,००० आणि मध्य प्रदेशचा व्यवसाय कर २०८ गेला (शेवटच्या महिन्यात २१२, वर्षाचे बरोबर २,५००). हातात ५०,१८९. ग्रॅच्युइटी एरवी ५ वर्षं भरल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षांत उडी मारणाऱ्याला ती बोलाचीच कढी.

अटींचं पान तर कुणी उघडतच नाही. जॉइनिंग बोनस कर कापून मिळतो, पण वर्षाच्या आत सोडलं तर बऱ्याच पत्रांत वसुली पूर्ण रकमेची असते. ९० दिवसांच्या नोटीसचा बायआउट (नोटीस न भरता पैसे देऊन सुटणं) बेसिकवर की ग्रॉसवर, म्हणजे एकूण पगारावर, हे सही करण्याआधी मेलवर लेखी विचारा, हा तुमचा आग्रह कित्येकांचे पैसे वाचवून गेला.

सगळ्यात मोठं काम मात्र नावांचं. आपल्याकडे आधारवर मधे वडलांचं नाव, इथल्या बऱ्याच गुणपत्रिकांवर नुसतं नाव-आडनाव, लग्नानंतर पॅनवर तिसरंच. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले तिथेच अडतात आणि पीएफ ट्रान्सफरही लटकतो. आधार-पॅन आधी एकसारखं करा, जुन्या गुणपत्रिकेसाठी ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं शपथपत्र ठेवा, पीएफमधली दुरुस्ती नोकरीत असतानाच उरका. सुटल्यावर जुनी कंपनी फोन उचलत नाही. हा क्रम तुम्ही न कंटाळता प्रत्येकाला सांगता.

नोकरी सोडतानाचंही तसंच. लेटर ऑफ इंटेंटवर (‘घ्यायचा विचार आहे’ एवढंच सांगणाऱ्या पत्रावर) राजीनामा द्यायचा नाही. रुजू होण्याची तारीख असलेलं, सही झालेलं पत्र हवं. पगाराच्या स्लिपा आणि आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचे दाखले) शेवटच्या दिवसाआधीच उतरवून घ्यायचे, कारण त्या संध्याकाळी लॉगिन बंद होतं. पीएफमध्ये नोकरी सुटल्याची तारीख कंपनीनं भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपली आपण भरता येते. आधीच्या पगाराचा आकडा नव्या कंपनीला द्यायचा, नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्यापुरती सूट धरून कर कमी कापतात आणि जुलैत रिटर्न भरताना व्याजासकट भुर्दंड बसतो.

लॅपटॉपचं डिपॉझिट मागणाऱ्या ‘कंपनी’चं पत्र तर तुम्ही दुसरी ओळही न वाचता परत करता!

एकच मागणं: नावांच्या दुरुस्तीचा तो क्रम एका पानावर लिहून द्या. कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी, सातव्या सेमिस्टरच्या मुलांना झेरॉक्स करून वाटायचं काम आमचं.

आपले,
तुमच्याकडून ऑफर लेटर वाचून घेणारे सगळे