दाराखालची फट आधी बुजवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात एखाद्या हॉटेलाचे नूतनीकरण निघाले की पहिला पैसा लॉबीत जिरतो. ग्रॅनाइट, झुंबर, भिंतभर टीव्ही. पाहुणा तिथे दहा मिनिटे टेकतो. पैसे मोजतो ते रात्रीच्या झोपेसाठी. स्टेशन, स्वारगेट, शिवाजीनगर भागातल्या मध्यम दराच्या हॉटेलांनी तरी खर्चाचा हा क्रम उलटा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे व्यापारी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 55 डेसिबल आहे. झोपायच्या खोलीत 30 डेसिबलहून जास्त आवाज नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रस्ता नियमात राहिला तरी खिडकीने 25 डेसिबल अडवलेच पाहिजेत. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीची फरची पट्टी झिजली की ते होत नाही. त्यावर 5 मिमीच्या दोन काचा आणि मध्ये 6 मिमी पोकळी असलेली डबल ग्लास बसवणे ही महागडी चूक. इतक्या अरुंद पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी वागते, दोन्ही काचा मिळून हलतात आणि बसच्या इंजिनाची घरघर आत येतेच. जुनी खिडकी तशीच ठेवून आतून 100 मिमी अंतरावर, वेगळ्या जाडीच्या काचेची, कडेला गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) असलेली दुसरी खिडकी बसवावी.

पण पाहुण्याची झोप रस्त्याइतकीच पॅसेज मोडतो. दाराखालची सेंटिमीटरभर फट क्षेत्रफळात दाराच्या अर्धा टक्काच असते. तरी तेवढ्या फटीमुळे कितीही जाड दार 23 डेसिबलच्या आसपासच आवाज अडवते. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी गॅस्केट आणि खाली दार मिटताच आपोआप उतरणारी पट्टी, हा त्यावरचा उपाय. नुसत्या ब्रशने धूळ अडते, आवाज नाही.

इथेच अनेकांचे गाडे अडते. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा त्याच फटीतून हवा ओढत असतो. ती बुजली की पंखा नुसता गरगरतो आणि ओल खोलीत राहते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. पहाटे डोके जड झालेला पाहुणा उठून खिडकी उघडतो आणि केलेला खर्च पाण्यात जातो. म्हणून फट बुजवण्याआधी भिंतीतून हवेची वेगळी वाट द्यावी: भिंतीत बसवलेली पेटी, तिला आतून कापडात बांधलेल्या ग्लासवूलचे (काचेच्या तंतूंच्या लोकरीचे) अस्तर, दोन काटकोनी वळणे आणि बाहेरचे तोंड मागच्या अंगाला. टॉयलेटच्या डक्टमध्ये ते तोंड मुळीच सोडू नये.

दार आदळण्यावर तर फक्त स्क्रू-ड्रायव्हर लागतो. दार आपोआप मिटवणाऱ्या डोअर क्लोजरवर सहसा दोन स्क्रू असतात. एक दाराचा एकूण वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या वीतभर अंतराचा. दुसरा सैल असला की दार आदळते. तो पाव फेरा आवळून पाहावा. जास्त आवळला तर लॅच लागतच नाही. तेल गळत असेल तर क्लोजर बदलावा, पण आवाज होतो म्हणून काढून टाकू नये. आगीच्या वेळी धूर अडवायला दार आपोआप मिटलेच पाहिजे.

बाकीचे थोडक्यात. पडदे मध्यभागी 15 सेंमी एकमेकांवर यावेत. गादी दर तीन महिन्यांनी डोक्याकडची पायाकडे करावी. प्लास्टिकच्या चादरीऐवजी हवा खेळणारे कव्हर वापरावे. प्लास्टिकवर पाठ घामेजते. एसीच्या दिव्यावर पट्टी लावली तर चालेल, स्मोक डिटेक्टरला मात्र हात लावू नये.

आता उत्पन्नाचे. रात्री 11 ते पहाटे 5 प्रत्येक खोलीत एकाच मोबाइलवर आवाज मोजून खोल्यांची प्रतवारी करावी. तुलनेला तेवढे पुरते. लग्नाचे वऱ्हाड एका मजल्यावर, कामासाठी आलेला एकटा पाहुणा लिफ्टपासून लांब. शांत निघालेल्या 10 खोल्या 300 रुपये जास्त दराने दिल्या आणि रोज 6 भरल्या, तरी महिन्याला 54 हजार होतात. 7500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. तेव्हा काच-गॅस्केटची किंमत करासकट धरूनच हिशेब मांडावा.

आणखी एक. नागपूर-लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालेला माणूस पहाटे पुण्यात उतरतो आणि दुपारच्या चेक-इनपर्यंत लॉबीतल्या सोफ्यावर पेंगत बसतो. वर आवरलेल्या खोल्या रिकाम्या असतात. पहाटे 5 ते 11 ही वेळ निम्म्या दरात विकावी, 11 वाजता चादरी बदलायला एक माणूस ठेवावा आणि सकाळी 9 च्या आत त्या मजल्यावर सफाईची ट्रॉली फिरवू नये.

आपले,
हॉटेलांच्या खोल्यांची देखभाल व ध्वनिरोधनाची कामे करणारे,
नारायण पेठ, पुणे