सूचना : निकालाची एक्सेल फाइल भरताना

सर्व वर्गशिक्षक बंधू-भगिनींना नमस्कार. प्रथम सत्राच्या निकालाची एक्सेल फाइल शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी गटावर टाकावी.

सरलचा (राज्याच्या शिक्षण विभागाच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंद प्रणालीचा) विद्यार्थी आयडी भरताना घाई नको. तो १९ अंकी आहे आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते, पुढच्या चारांची शून्ये करते. गेल्या वर्षी माझ्या अख्ख्या वर्गाच्या आयडीचा शेवट ०००० झाला, रजिस्टर काढून सगळे पुन्हा टाइप करावे लागले. म्हणून आधी तो रकाना निवडून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा, मगच आयडी भरा. नंतर फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

दुसरे, गैरहजर मुलापुढे शून्य लिहू नका, ‘गैह’ लिहा. एखाद्या मुलीला तीन चाचण्यांत १६, १८, १७ गुण आहेत आणि चौथीला ती तापाने घरी होती. शून्य टाकले की ॲव्हरेजच्या सूत्राने सरासरी १२.७५ येते, ‘गैह’ लिहिले तर १७. लेकराच्या प्रगतिपुस्तकावर हा फरक फार मोठा आहे.

रकान्यांचा क्रम बदलू नये, सेल मर्ज करू नयेत. अडल्यास मधल्या सुट्टीत संगणक कक्षात या, मी तिथेच असेन.