‘ॲक्सेप्ट दाबा’ असे कुणालाही सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहण्याच्या सूचना आपण वाचकांना नेहमी देता. त्यांत एकीची भर घालावी, म्हणून हे पत्र. मी एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळते.

गेल्या महिन्यात सर्व्हरवर डेबियन १३ (ऑपरेटिंग सिस्टिम) चढवले. त्यासोबत डव्हकॉट २.४ (मोबाइल-लॅपटॉपना मेल देणारे सॉफ्टवेअर) आले आणि ते सुरूच होईना. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची फाइल कुठे आहे हे सांगणाऱ्या सेटिंगचे नावच या आवृत्तीत बदलले आहे. घाईत नवी ओळ लिहिली, सेवा सुरू झाली, माझ्या लॅपटॉपवर मेल आली. अर्ध्या तासात फोन यायला लागले: मोबाइलवर ‘सर्व्हरची ओळख पटत नाही’ असा इशारा येतोय.

लॅपटॉपवर चालते आणि मोबाइलवर नाही, हे काही केल्या उमगेना. मुदत तपासली, शिल्लक होती. सर्व्हरचे नाव तपासले, बरोबर होते. शेवटी बाहेरच्या मशीनवरून ओपनएसएसएल या तपासणीच्या साधनाने सर्व्हरच्या ९९३ पोर्टला (मेलच्या सुरक्षित जोडणीचे दार) जोडून पाहिले, तर साखळीत एकच प्रमाणपत्र आणि खाली कोड २१, म्हणजे ‘पहिलेच प्रमाणपत्र पडताळता येत नाही’. पूर्ण साखळी असलेल्या ‘फुलचेन’ फाइलऐवजी मी नुसते आमचे प्रमाणपत्र असलेली ‘सर्ट’ फाइल दिली होती. आमचे प्रमाणपत्र आणि मोबाइलच्या ओळखीचे मूळ प्रमाणपत्र यांना जोडणारी मधली कडी सर्व्हर पाठवतच नव्हता. लॅपटॉपवरच्या थंडरबर्ड या मेल ॲपकडे ती आधीपासून साठवलेली होती, म्हणून तिथे सगळे ठीक दिसले. सेटिंगमधले फाइलचे नाव बदलले, डव्हकॉट रीलोड केले म्हणजे त्याला फाइली पुन्हा वाचायला लावल्या, प्रश्न मिटला.

पण तोवर एका सहकाऱ्याने ग्रुपवर कळवून टाकले होते, ‘इशारा आला तर ॲक्सेप्ट दाबा, काही होत नाही.’ बऱ्याच जणांनी दाबलेही. ओळ चुकली ती माझी चूक, ती मी दुरुस्त केली. हे वाक्य मात्र कसे परत घ्यायचे? मोबाइल आणि आमचा सर्व्हर यांच्यामध्ये कुणी खोटा सर्व्हर उभा केला, तर मोबाइलवर अगदी असाच इशारा दिसतो. तो ओलांडला की पासवर्ड त्याच्या हाती. एकदा ‘काही होत नाही’ ऐकलेला माणूस पुढच्या वेळी थांबेल कशाला?

असे प्रसंग यापुढे वाढू शकतात. १५ मार्च २०२९ पासून अशा सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. नूतनीकरण आपोआप होते हे खरे, पण डव्हकॉट रीलोड करायचे राहिले तर डिस्कवर नवे प्रमाणपत्र असूनही ते जुनेच दाखवत राहते, आणि त्याची मुदत संपली की पुन्हा तोच इशारा.

म्हणून वाचकांना एवढे सांगावे: इशारा आला की ‘रद्द करा’ दाबायचे आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करायचा. आणि माझ्यासारख्यांनी अपडेटच्या आदल्या दिवशीच ‘उद्या मेल काही वेळ बंद राहील, इशारा आल्यास स्वीकारू नका’ अशी सूचना लावायची. मी ती लावली नव्हती. ज्यांनी ॲक्सेप्ट दाबले होते त्यांचे मोबाइल एकेक करून हातात घेतले, ॲक्सेप्टमुळे त्यात साठलेला अपवाद काढून टाकला आणि प्रत्येकाला समोर बसवून पासवर्ड बदलायला लावला. दोन दिवस गेले त्यात.

आपली,
एक मेल सर्व्हर व्यवस्थापक