परीक्षेवर नजर ठेवणारी प्रणाली सर्वांना तपासता यावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या लहान संस्थांपुढे परीक्षेच्या वेळी बहुधा दोनच मार्ग असतात. दर परीक्षार्थीमागे पैसे घेणारी बंदिस्त प्रॉक्टरिंग सेवा, म्हणजे कॅमेऱ्याने परीक्षार्थीवर देखरेख ठेवणारी सेवा घ्यायची, नाहीतर देखरेखीविना परीक्षा उरकायची. मी अशा परीक्षांचे पेपर काढते आणि तपासते. कोणालाही वापरता, वाचता आणि सुधारता येईल अशी ओपन सोर्स प्रॉक्टरिंग प्रणाली उभी करणे आज शक्य आहे आणि ती स्वस्तही पडेल, असे माझे ठाम मत आहे. मात्र ती बंदिस्त सेवांची नक्कल असता कामा नये.

सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही. मूडल ही शिक्षणप्रणाली 2002 पासून मुक्त आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात घडलेला सेफ एक्झाम ब्राउझर परीक्षेदरम्यान इतर खिडक्या आणि अ‍ॅप बंद ठेवतो. त्याचा कोड खुला आहे आणि 2020 मध्ये आलेल्या मूडल 3.9 पासून तो मूडलच्या प्रश्नमंजूषेला थेट जोडता येतो. तो विंडोज, मॅक आणि आयओएसवर चालतो. पण ज्यांच्याकडे फक्त साधा अँड्रॉइड फोन आहे, त्यांचे काय? परवडणाऱ्या प्रणालीचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

खर्चाचा मोठा भाग व्हिडिओ साठवण्यात जातो. सेकंदाला अर्धा मेगाबिट इतक्या साध्या दर्जाचे चित्रीकरण धरले, तरी दोन तासांच्या पेपरला एका परीक्षार्थीमागे सुमारे 450 एमबी होतात. म्हणजे हजार जणांचे 450 जीबी! त्याऐवजी दर 30 सेकंदांनी 30 केबीचे एक छायाचित्र घेतले, तर तोच पेपर माणशी 7 एमबीत बसतो. चेहरा समोर आहे का, दुसरे कोणी आले का, एवढे ओळखण्याचे काम ओपनसीव्ही किंवा मीडियापाइप ही मुक्त साधने परीक्षार्थीच्याच ब्राउझरमध्ये करू शकतात. सर्व्हरवर त्या कामाचा भार पडत नाही आणि घरातले सलग चित्रण बाहेरही जात नाही. नेट तुटले तर नोंदी यंत्रातच राहाव्यात आणि जोडणी आल्यावर पाठवल्या जाव्यात. नेट गेल्याची नोंद संशय म्हणून मुळीच दाखवू नये.

आता मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. मध्यंतरी एका गणिताच्या पेपरनंतर माझ्यासमोर एका विद्यार्थिनीचा अहवाल आला. ‘नजर पडद्याबाहेर, 14 सेकंद’, ‘चेहरा दिसत नाही, 9 सेकंद’ अशा ओळींमागून ओळी आणि शेवटी लाल रंगात संशयाचा गुणांक. चित्रण उघडून पाहिले, तर ती मान खाली घालून कच्च्या कागदावर आकडेमोड करत होती. कच्चे काम करायची परवानगी आम्हीच दिली होती. गुणांक कसा काढला, असे सेवादात्याला विचारले. सूत्र गोपनीय आहे, एवढेच उत्तर मिळाले. ज्या आकड्याचा हिशेब परीक्षकालाही मिळत नाही, त्याविरुद्ध विद्यार्थिनीने दाद मागायची तरी कशी?

यामागे साधे गणित आहे. समजा, हजार परीक्षार्थींपैकी 20 जण कॉपी करतात. सॉफ्टवेअर त्यांतले 95 टक्के पकडते आणि निर्दोषांपैकी फक्त 5 टक्क्यांवर चुकून शिक्का मारते. हाती लागतात 19 दोषी आणि 49 निर्दोष. शिवाय चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या काही व्यावसायिक प्रणाली जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी 2018 मध्ये तपासल्या. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत चुकीचे प्रमाण 34.7 टक्क्यांपर्यंत गेले होते, तर उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत ते जास्तीत जास्त 0.8 टक्के होते. ते काम प्रॉक्टरिंगचे नव्हते हे खरे, पण कॅमेरा तोच आणि चेहरेही तेच. म्हणूनच प्रणालीने गुणांक देऊच नये. काय घडले, किती वाजता घडले आणि त्या क्षणाचे छायाचित्र एवढेच माणसापुढे ठेवावे. प्रॉक्टरयू या मोठ्या प्रॉक्टरिंग कंपनीनेही 2021 मध्ये केवळ यंत्राच्या भरवशावरची सेवा विकणे थांबवले.

कोड खुला केला तर कॉपी करणाऱ्यांचे फावेल, हा आक्षेप नेहमी येतो. किल्ली सोडून बाकी सारे शत्रूच्या हाती पडले तरी व्यवस्था टिकली पाहिजे, असे सांकेतिक लेखनाचे अभ्यासक ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये लिहिले होते; म्हणजे सुरक्षा कोड लपवण्यावर विसंबता कामा नये. इथे एक अडचण जास्त आहे, ती मान्य करायला हवी. यंत्र परीक्षार्थीच्याच ताब्यात असते आणि कळफलकाशेजारी ठेवलेला दुसरा फोन ना बंदिस्त प्रणालीला दिसतो, ना खुल्या. देखरेखीने मोह आवरतो, गुन्हा सिद्ध होत नाही. मोठ्या प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न देणे आणि शंका आल्यास दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घेणे, यांवर मी कॅमेऱ्यापेक्षा अधिक विसंबते.

खोलीभर कॅमेरा फिरवून दाखवण्याची सक्ती तर पूर्णपणे वगळावी. अमेरिकेतील ओहायोच्या संघीय न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये एका सरकारी विद्यापीठाची अशी तपासणी घटनाबाह्य ठरवली आहे. छायाचित्रेही निकाल आणि दाद मागण्याची मुदत संपताच आपोआप पुसली जावीत.

खरी अडचण पुढे आहे. असे प्रकल्प उत्साहात सुरू होतात. मग ब्राउझरची नवी आवृत्ती येते, कॅमेऱ्याची परवानगी मागण्याची पद्धत बदलते आणि परीक्षेच्या सकाळी पडदा काळा राहतो. दुरुस्ती करणारा स्वयंसेवक तेव्हा आपल्या नोकरीवर असतो. म्हणून संस्थांनी एकत्र येऊन पगारी देखभाल करणारी माणसे नेमावीत. आज दर परीक्षार्थीमागे जी रक्कम बाहेर जाते, तिचा काही भाग या सामाईक निधीत घालावा. परवाना एजीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा ठेवावा, म्हणजे प्रणालीत बदल करून सेवा देणाऱ्यालाही आपला सुधारित कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागेल. ज्या संस्थांकडे तंत्रज्ञ आहेत, त्यांनी पहिली आवृत्ती एखाद्या सराव परीक्षेला लावावी आणि काय टिपले, कोणी पाहिले, कधी पुसले याची नोंद प्रत्येक परीक्षार्थीला त्याच्या खात्यात दाखवावी.

आपली,
एक परीक्षक